बांडगूळ

आमच्या सोसायटीच्या सूचना-फलकावर सहसा दोनच प्रकारच्या सूचना लागतात. पाणी येणार नाही, ही एक. आणि वर्गणी आलेली नाही, ही दुसरी. त्यामुळे २०२५ सालच्या जानेवारीत तिसऱ्याच प्रकारची सूचना दिसली तेव्हा मी थांबून वाचली. 'फाटकाजवळील आंब्याच्या झाडावर बांडगूळ वाढले असून, सदर निरुपयोगी व परोपजीवी वाढ काढून टाकण्याचा विषय रविवारच्या सभेत घेण्यात येईल. सभासदांनी नोंद घ्यावी.'

मी नोंद घेतली. माझ्या वैद्यकीय रजेचा तो अठ्ठाविसावा दिवस. सकाळचे अकरा वाजलेले, निम्मी डोंबिवली कामावर गेलेली, आणि मी लेंगा-बनियनवर हातात दुधाची पिशवी घेऊन उभा. 'निरुपयोगी व परोपजीवी वाढ' हे शब्द वाचून क्षणभर मला वाटलं, सूचना माझ्याचबद्दल आहे.

रजेची हकीकत थोडक्यात सांगतो. मी बँकेत कारकून. हल्ली आमच्या पदाला 'असोसिएट' असं भारदस्त नाव मिळालं आहे. पण काउंटर तोच, गिऱ्हाइकं तीच आणि खुर्चीचा डुगडुगणारा पायही तोच. बावीस वर्षं मी त्या खुर्चीवर तोल सांभाळून बसलो. डिसेंबरातल्या एका सोमवारी एका पेन्शनर आजोबांनी खिडकीतून पासबुक आत सरकवलं. मी ते घेतलं, उघडलं, आणि पासबुकाचं पुढे काय करतात तेच मला आठवेना. दुखत काही नव्हतं, चक्कर नव्हती. नुसता पासबुक धरून बसून राहिलो. रांगेतून "झोप झाली का साहेब?" अशा प्रेमळ चौकशा सुरू झाल्या. शेवटी आजोबांनीच पिशवीतून पाण्याची बाटली काढली आणि पासबुकापाठोपाठ तीही आत सरकवली. बावीस वर्षांत त्या खिडकीतून आत आलेली आणि पावती न मागणारी ती पहिलीच वस्तू.

डॉक्टर म्हणाले, "बर्नआउट." हा शब्द या अर्थाने शास्त्रात आणला तो न्यूयॉर्कच्या हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने, १९७४ साली. मोफत दवाखान्यांत लोकांची सेवा करता करता स्वतःच विझत गेलेल्या कार्यकर्त्यांबद्दल त्याने लिहिलं होतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली या प्रकाराची दखल घेतली; पण आजार म्हणून नाही, तर नोकरीशी निगडित एक अवस्था म्हणून. म्हणजे आमच्यासारख्यांची पंचाईत! रजेच्या अर्जात 'आजाराचे नाव' असा रकाना असतो. त्यात 'नोकरी' असं कसं लिहिणार? डॉक्टरांनी 'अतिश्रम' लिहून माझी सुटका केली.

"काही छंद आहे का?" त्यांनी विचारलं.

"होता."

"मग तो पुन्हा सुरू करा."

"दिवसातून किती वेळा? जेवणाआधी की जेवणानंतर?"

डॉक्टर हसले नाहीत. मीही विनोद केला नव्हता.

छंद होता ऑर्किडचा. मराठीत आपण त्यांना आमरी म्हणतो. २००९ साली मी एक कुंडी आणली आणि २०१६ पर्यंत गॅलरीत चव्वेचाळीस कुंड्या झाल्या. जगात ऑर्किडच्या अठ्ठावीस हजारांच्या आसपास जाती आहेत, हे वाचून माणसाने नम्र व्हावं. मी यादी करायला घेतली. दोष माझा नाही, वाणिज्य शाखेचा आहे. बी.कॉम. माणसाने कशावर प्रेम केलं, तरी संध्याकाळपर्यंत त्याची खतावणी होते. माझी एक वही होती. त्यात प्रत्येक झाडाचं खातं. खरेदी किंमत, कोळसा, विटांचे तुकडे, नारळाची सोडणं, खत, आणि कुंडीवर दहा टक्के घसारा. शेवटच्या रकान्यात 'दर फुलामागे खर्च'. नव्वद दिवस हप्ता आला नाही की कर्ज अनुत्पादक ठरतं. मी जरा दयाळू, म्हणून वर्षभर न फुललेलं झाड अनुत्पादक यादीत टाकी. बँकेत दिवसभर जे करत होतो तेच संध्याकाळी गॅलरीत करत होतो. फरक एवढाच, की गॅलरीतली गिऱ्हाइकं तक्रार करत नसत. ती मुकाट्याने मरत. बहुतेक जास्त पाणी घातल्यामुळे.

तर, ती सूचना वाचून मी दुधाच्या पिशवीसकट आंब्याखाली गेलो आणि वर पाहिलं. डोक्याच्या वर दोनेक हात, खोडाला धरून, पट्ट्यासारख्या जाड पानांचा एक जुडगा. त्यातून बाहेर पडून खोडावर पसरलेली चंदेरी-पांढरी मुळं, म्हाताऱ्या माणसाच्या हातावरच्या शिरांसारखी. आणि मुळांखाली काथ्याच्या दोरीचा कुजलेला एक तुकडा. दोरीची गाठ मी ओळखली. तशी वाईट गाठ डोंबिवलीत दुसरं कोणी मारत नाही.

ती आमरी माझीच होती. म्हणजे खरं तर अण्णांची.

अण्णा म्हणजे माझे वडील. आमचं गाव संगमेश्वर तालुक्यात. २०१० सालच्या पावसाळ्यात परसातल्या फणसाची फांदी वादळात पडली, तिच्यावर ही सीतेची वेणी होती. अण्णांनी फांदीचा तेवढा तुकडा कापून, पोत्यात गुंडाळून, एस.टी.ने डोंबिवलीला आणला. रस्त्यात कोणी तरी विचारलं, "हे बांडगूळ कशाला नेताय?" तेव्हा अण्णा त्याला म्हणे संगमेश्वर ते पनवेल फरक समजावून सांगत होते. घरी आल्यावर तोच फरक त्यांनी मला सांगितला. बांडगूळ झाडात मूळ खुपसतं आणि झाडाचं पाणी पितं. आमरी झाडाला नुसती धरून असते. पितं ते तिचं मूळ, पावसाचं आणि हवेतलं. "बांडगूळ म्हणजे कूळ लागलेला मनुष्य," अण्णा म्हणाले, "आणि आमरी म्हणजे ओटीवर टेकलेला वाटसरू."

२०१३ साली अण्णांना अर्धांगवायूचा झटका आला आणि ते कायमचे आमच्याकडे आले. चार वर्षं होते. उजवी बाजू गेलेली, जीभ जड. उठवणं, बसवणं, भरवणं, रात्री दोनदा कूस बदलणं. ही शाळेत शिकवते, मी बँकेत. सकाळी बाई यायची, रात्र आमची. त्या अवस्थेत अण्णा एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत. "तुमच्यावर बांडगूळ झालो रे." आणि मी म्हणे, "काही तरीच काय बोलता, अण्णा," आणि घड्याळाकडे बघे. ७ : ४८ ची लोकल असे.

८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे-हजारच्या नोटा रद्द झाल्या. पुढचे दोन महिने मी घरी रात्री दहाला येत होतो. अण्णा जागे असत. त्यांना काही सांगायचं असे. मला झोपायचं असे. फेब्रुवारीत अण्णा गेले. तोवर गॅलरीतल्या चव्वेचाळीसपैकी एकेचाळीस कुंड्या कोरड्या पडल्या होत्या. जूनमध्ये मी अण्णांची आमरी उचलली, खाली नेली, आंब्याला काथ्याने बांधली आणि मनात म्हटलं, आता तुझं तू बघ. उरलेल्या दोन कुंड्या वाटून टाकल्या. वहीत शेवटची नोंद केली : 'खाते बंद.'

आमच्याकडे दोन वर्षं खातेदाराचा व्यवहार झाला नाही की खातं निष्क्रिय होतं. दहा वर्षं गेली की रक्कम रिझर्व्ह बँकेच्या एका निधीत जाते. पण बुडत नाही! खातेदार किंवा वारस केव्हाही येऊन, ओळख पटवून, मागू शकतो. मी गिऱ्हाइकांना हे शेकडो वेळा समजावलं आहे. मला मात्र ते त्या दिवशी आंब्याखाली समजलं. खातं मी बंद केलं होतं. झाडाने केलं नव्हतं.

पण ही जगली कशी? पावसाळ्याचं ठीक, एप्रिल-मेचं काय? मी वर बघत असतानाच टपकन एक थेंब पडला. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी तुळशीला पाणी घालत होत्या. कुंडीतलं जास्तीचं पाणी गॅलरीच्या कडेवरून नेमकं त्या पानांवर पडत होतं. थेंब जिथे लागले तिथे पांढरं मूळ हिरवं झालं. आमरीच्या मुळावर स्पंजासारखं वेष्टन असतं. ते पाणी शोषतं आणि आतला हिरवा रंग दिसू लागतो. या गळणाऱ्या पाण्याबद्दल २०१९ साली सोसायटीकडे एक लेखी तक्रार गेली होती. खाली सही होती. सही माझी होती.

रविवारच्या सभेला चौदा सभासद हजर होते. त्यांतले अकरा पेन्शनर. विषय क्रमांक चार निघाला. मी उभा राहून आमरी आणि बांडगूळ यांतला फरक सांगितला. अण्णांची ओटी आणि वाटसरूही सांगितले, अण्णांचं नाव न घेता.

"ते सगळं खरं," चिटणीस म्हणाले. ते एक्याऐंशी वर्षांचे आहेत आणि अजून शाईच्या पेनने इतिवृत्त लिहितात. "पण त्याचा उपयोग काय?"

"आसाम आणि अरुणाचल प्रदेश यांचं हे राज्यपुष्प आहे. बिहूच्या नाचात मुली केसांत माळतात."

"मग आसामात असू दे. आपल्या इथे उपयोग काय?"

यावर मला बोलता येईना. खिडकीतून पासबुक आत आलं तेव्हा झालं होतं तसंच झालं. मग तोंडातून निघून गेलं, "उपयोग काही नाही. पण आंब्याला त्रासही नाही."

चिटणीस लिहीत लिहीत मोठ्याने वाचू लागले, "जी वाढ निरुपयोगी आहे व जिच्यापासून सोसायटीस काही उत्पन्न नाही, ती..."

"अहो, जरा जपून लिहा," तळमजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर म्हणाले. "उद्या हाच ठराव आम्हाला लावाल."

सगळे हसले. मग एकेक जण हसायचा थांबला. पंखा तेवढा फिरत होता. अकराच्या अकरा जण आपापल्या गुडघ्यांकडे बघत होते. चिटणिसांनी पेनाला टोपण लावलं आणि म्हणाले, "विषय क्रमांक चार पुढील सभेपर्यंत तहकूब."

मी जिंकून घरी आलो, पण रात्री झोप लागेना. 'त्रास नाही म्हणून राहू द्या' हे माझं म्हणणं मलाच टोचू लागलं. म्हणजे त्रास असता तर काढलं असतं? अण्णांचा त्रास होता. उगाच कशाला खोटं बोलू? रात्री दोनला त्यांना कुशीवर वळवताना माझी कंबर मोडायची आणि मनात येऊ नये ते यायचं. त्या चार वर्षांत अण्णा ओटीवरचे वाटसरू नव्हते. ते आमच्यात मूळ खुपसून होते आणि आमचं पाणी पीत होते. त्यांचा शब्द चुकला नव्हता. मग मी "काही तरीच" म्हणत होतो ते कशाच्या जोरावर?

आमरीबद्दल वाचलेलं एक मला त्या रात्री आठवलं. तिच्या एका बोंडात हजारो, कधी कधी लाखो बिया असतात, धुळीसारख्या. बी इतकं बारीक, की त्यात शिदोरीच नसते. गव्हाच्या दाण्यात कोंबापुरतं अन्न असतं, तसं इथे काही नाही. वाणिज्याच्या भाषेत, शून्य भांडवल. ते बी रुजतं कसं? एका बुरशीचे धागे त्याच्यात शिरतात आणि पहिली पानं फुटेपर्यंत त्याला पोसतात. तारण नाही, जामीनदार नाही. काही आमऱ्यांना तर जन्मात हिरवं पान फुटत नाही. त्या अखेरपर्यंत बुरशीच्याच जिवावर फुलतात. म्हणजे अण्णांची ती स्वाभिमानी आमरीसुद्धा आयुष्याच्या सुरुवातीला चक्क परोपजीवी होती! आणि बांडगुळालाही हिरवी पानं असतात, तेही उन्हात स्वतःचा थोडाफार स्वयंपाक करतं, त्याची फळं खाऊन फुलटोच्या पक्ष्याची पोरं वाढतात.

म्हणजे बांडगूळ आणि आमरी हे दोन स्वभाव नसावेत. एकाच जिवाच्या त्या दोन वेळा असाव्यात. मीही एके काळी शिदोरीवाचूनचं बी होतो. अण्णांच्या खांद्यावर बसून मी संगमेश्वरची जत्रा बघितली तेव्हा त्यांची कंबर दुखली नसेल? पण म्हणून त्यांची चार वर्षं त्या खांद्याची परतफेड, असं म्हणणंही बरोबर नाही. तसं म्हटलं की पुन्हा वहीच आली! ज्याने कोणाला खांद्यावर घेतलंच नाही त्याने म्हातारपणी जायचं कुठे? जमेच्या बाजूला काही नाही म्हणून त्याला खोडावरून खरवडायचा का? हिशेब दोन परक्या माणसांत होतो. जिथे एकाचं मूळ दुसऱ्याच्या सालीत गेलं, तिथे नावे कुठे संपतं आणि जमा कुठे सुरू होतं, हे सांगणारी पद्धत मला बी.कॉम.ला कोणी शिकवली नाही.

अण्णांना मी उत्तर द्यायला हवं होतं ते एवढंच. "हो अण्णा, झाला आहात बांडगूळ. असू दे. मी फणस आहे." दहा सेकंदांचं वाक्य. ७ : ४८ चुकली नसती.

सकाळी चहा घेताना मी हिला विचारलं, "मी महिनाभर घरी बसून आहे, अर्ध्या पगारावर. तुला माझं ओझं वाटतं का?"

ही शाळेच्या वह्या पिशवीत भरत होती. "वाटतं की," ती म्हणाली. "कप तेवढा विसळून ठेवा."

इतकं प्रामाणिक आणि इतकं सुखाचं उत्तर मला अण्णांसाठी चार वर्षांत सुचलं नव्हतं.

छंद मी पुन्हा सुरू केला. माळ्यावरून तीन कुंड्या काढल्या, धुतल्या, कोळसा भरला. हिने वाढदिवसाला एक डेंड्रोबियम दिलं. वही काढली नाही. पहिले काही दिवस हात शिवशिवत होते, सिगरेट सोडलेल्या माणसाचे शिवशिवतात तसे. रोज सकाळी शिडी लावून आंब्यावरच्या आमरीला फवारा मारतो. त्याची तिला गरज नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी समर्थ आहेत. त्यांच्याविरुद्धची तक्रार मी लेखी मागे घेतली. त्याचं कारण चिटणिसांना कळलं नाही, आणि वहिनींना माझा संशय येऊ लागला आहे.

डॉक्टरांनी पुढच्या खेपेला विचारलं, "रोज किती वेळ देता छंदाला?"

"मोजला नाही," मी म्हणालो. डॉक्टरांनी कागदावर काही तरी लिहिलं आणि रजा पंधराच दिवस वाढवली. बहुधा सुधारणा आहे असं त्यांना वाटलं असावं.

एप्रिलमध्ये मी कामावर रुजू झालो. खुर्चीचा पाय डुगडुगतोच आहे. बाटलीवाले आजोबा एक तारखेला येतात; त्यांचं पासबुक भरून दिलं की मीच आता दोन मिनिटं त्यांच्याशी बोलतो. रांग कुरकुरते. कुरकुरू दे.

जूनच्या पहिल्या आठवड्यात सीतेची वेणी फुलली. वीतभराहून लांब, खाली झुकलेला तुरा, पांढऱ्यावर गुलाबी-जांभळे ठिपके. पण एकच, आणि तोही खोडाच्या पलीकडच्या बाजूला. म्हणजे सगळी शोभा शेजारच्या सोसायटीला, आम्हाला फक्त पाठ! चिटणीस काठी टेकत आले, त्यांनी मान वाकडी करून पाहिलं आणि म्हणाले, "उत्पन्न आलं, पण भलत्याच खात्यात जमा झालं की हो." विषय क्रमांक चार मात्र अजून तहकूबच आहे.

रविवारी मी कुंपणाच्या भिंतीजवळ स्टूल टाकलं, त्यावर चढलो आणि सवयीने फुलं मोजू लागलो. सदतीसपर्यंत आलो असेन, तेवढ्यात खालून पोस्टमास्तरांनी विचारलं, "काय हो, वास येतो का त्याला?"

मी नाक जवळ नेलं. पुन्हा मोजायला घेतलं तेव्हा कुठवर आलो होतो ते आठवेना. मग त्यांनाच हात देऊन स्टुलावर चढवलं आणि खाली उभा राहून त्यांचे पाय धरून ठेवले.